डाउनलोड व स्ट्रीमिंग

डाउनलोड व स्ट्रीमिंग : इंटरनेटद्वारे ध्वनिमुद्रित संगीत व चित्रपटादी दृश्यसामग्री घरगुती संगणकापर्यंत आणण्याच्या दोन पद्धती. पहिल्या पद्धतीत दूरच्या संगणकावरून, म्हणजे सर्व्हरवरून, संपूर्ण फाईल उतरवून घेऊन ती घरच्या संगणकात साठविली जाते व नंतर हवी तेव्हा वाजविली जाते. दुसऱ्या पद्धतीत फाईलचे लहान लहान तुकडे क्रमाने येत राहतात, येतील तसे वाजविले जातात आणि वाजवून झाल्यावर टाकून दिले जातात. पहिल्या पद्धतीस डाउनलोड व दुसरीस स्ट्रीमिंग म्हणण्याचा प्रघात मराठीतही पडला आहे. ‘उतरवून घेणे’ हा पहिल्या संज्ञेचा पर्याय बोलण्यात सहज येतो; दुसरीला मात्र तितका रुळलेला मराठी शब्द अद्याप मिळालेला नाही.

हा भेद समजावून देताना आकाशवाणी आणि ध्वनिफीत यांचे उदाहरण देण्यात येते. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून (स्थापना १६ जुलै १९४८) प्रसारित होणारे गाणे श्रोता ऐकतो, पण ते त्याच्याजवळ उरत नाही; ध्वनिफीत विकत घेतली, तर गाणे घरात राहते. त्याचप्रमाणे स्ट्रीमिंग म्हणजे ऐकणे व डाउनलोड म्हणजे बाळगणे, असे सांगितले जाते. उदाहरण सोपे आहे, परंतु ते दिशाभूल करणारे आहे. आकाशवाणीची एकच विद्युत् चुंबकीय तरंगमालिका सर्व श्रोत्यांकडे एकाच वेळी पोहोचते आणि साध्या रेडिओ-संचात काहीही साठविले जात नाही. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक श्रोत्याच्या मागणीनुसार त्याच्याकरिता स्वतंत्र प्रत पाठविली जाते आणि ती त्याच्या संगणकाच्या स्मृतीत, क्षणभर का होईना, लिहिली जाते. तारेतून जाणारे अंक दोन्ही पद्धतींत सारखेच असतात. प्रत दोन्हींत तयार होते. ती किती काळ टिकते आणि टिकविण्याचा वा पुसण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, एवढाच दोहोंत फरक आहे. तथापि खर्च, कायदा आणि जतन यांविषयीचे जवळजवळ सर्व प्रश्न याच फरकातून उद्‌भवतात.

माहितीचे आकारमान : संगीताच्या सघन तबकडीवर (कॉम्पॅक्ट डिस्कवर) ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असून डावी व उजवी अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे एका सेकंदाच्या संगीतास १४,११,२०० बिट लागतात व पाच मिनिटांचे गाणे सु. ५३ मेगॅबाइट होते. मानवी कानास एका मोठ्या स्वराच्या निकटच्या कंप्रतेचा क्षीण स्वर ऐकू येत नाही. या वैगुण्याचा फायदा घेऊन जो भाग ऐकू येणारच नाही तो गाळून टाकण्याची युक्ती एमपी३ या संपीडन पद्धतीत वापरली आहे. हिचे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या विकासात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. दर सेकंदास १,२८,००० बिट या मानाने तेच पाच मिनिटांचे गाणे केवळ ४·८ मेगॅबाइटांत बसते.

हलत्या चित्रांच्या बाबतीत संपीडनावाचून गत्यंतरच नाही. १,९२० × १,०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस २४ बिट असलेले चित्र सेकंदास २५ वेळा बदलावयाचे, तर दर सेकंदास सु. १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. परंतु एका चित्रातून पुढच्या चित्रात फारच थोडा भाग बदलतो. भिंतीपुढे उभे राहून बोलणाऱ्या माणसाच्या दृश्यात भिंत पुन्हा पुन्हा पाठविण्याचे कारण नसते. केवळ बदल तेवढा पाठविणाऱ्या एच.२६४ (२००३) व तिच्यानंतरच्या पद्धतींमुळे हा आकडा सु. ५० लाखांवर, म्हणजे अडीचशेव्या हिश्शावर आणता येतो. या मानाने दोन तासांचा चित्रपट ४·५ गिगॅबाइट होतो.

तात्पुरता साठा : इंटरनेटवरील माहिती लहान पुडक्यांच्या स्वरूपात प्रवास करते. पुडकी एकसारख्या अंतराने येत नाहीत. काही उशिरा येतात, काही वाटेत गहाळ होतात व पुन्हा मागवावी लागतात. डाउनलोडमध्ये याने काही बिघडत नाही, कारण सर्व पुडकी मिळाल्यावर ती क्रमाने जुळविली की काम झाले. पण गाणे चालू असताना पुढचे पुडके आले नाही, तर स्वर मध्येच तुटतो. म्हणून स्ट्रीमिंगमध्ये वाजविण्यास आरंभ करण्यापूर्वी काही सेकंदांचा मजकूर आगाऊ साठवून ठेवतात. या साठ्यास बफर म्हणतात. पारशिवनी तालुक्यातील रहिवाशांस त्याचा नमुना घराजवळच पाहावयास मिळतो. पेंच नदीचे पाणी पावसाळ्यात लोंढ्याने येते. तोतलाडोह व त्याखाली याच तालुक्यात असलेला नवेगाव खैरी हे जलाशय ते अडवितात आणि नागपूर शहरास बाराही महिने पाणी मिळते. येणे अनियमित असले, तरी जाणे नियमित ठेवता येते. मात्र येणाऱ्या पाण्याची सरासरीच खर्चापेक्षा कमी पडली, तर जलाशय कितीही मोठा असला तरी केव्हातरी रिता होणारच. पडद्यावर गोल फिरणारे वर्तुळ दिसू लागते, ते हा साठा रिता झाल्याचे चिन्ह होय.

हे गणित सोपे आहे. दोन तासांच्या वरील चित्रपटास दर सेकंदास ५० लाख बिट हवेत आणि जोडणीचा वेग ४० लाखच आहे, असे समजू. संपूर्ण चित्रपट येण्यास अडीच तास लागतील. म्हणून अर्धा तास आधी साठा करून मग आरंभ केला, तर चित्रपट कोठेही न अडखळता संपेल. म्हणजे डाउनलोड व स्ट्रीमिंग ही दोन टोके असून त्यांच्यामध्ये प्रतीक्षेच्या अनेक पायऱ्या आहेत. प्रेक्षकास थांबावयास लावण्याऐवजी आजच्या सेवा निराळा मार्ग पत्करतात. एकच चित्रपट उच्च, मध्यम व हलक्या प्रतीच्या अनेक आवृत्त्यांत तयार करून प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ठेवतात. घरचा संगणक साठ्याची पातळी पाहून पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतला मागवावयाचा ते ठरवितो. वेग घटला की चित्र धूसर होते, पण थांबत नाही. ॲपल कंपनीने २००९ मध्ये या तत्त्वावरची पद्धत प्रसृत केली व २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. लोकप्रिय सामग्रीच्या प्रती जगात ठिकठिकाणी, मोठ्या शहरांतील सर्व्हरांवर आधीच नेऊन ठेवलेल्या असतात. त्यामुळे पारशिवनीत पाहिला जाणारा प्रत्येक चित्रपट दर वेळी समुद्रापलीकडून यावा लागत नाही.

इतिहास : भारतात सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या साहाय्याने चालणारी ती जोडणी अतिशय मंद होती. दर सेकंदास २८,८०० बिट वेगाने पाच मिनिटांचे एमपी३ गाणे उतरविण्यास २२ मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून राही. अशा वेगातही ऐकता ऐकता ध्वनी आणण्याचा प्रयत्न त्याच वर्षी अमेरिकेत रिअलऑडिओने केला होता. ध्वनीची प्रत अर्थातच सुमार होती. म्हणून आरंभीची काही वर्षे डाउनलोडचीच होती. जून १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टरने लोकांच्या संगणकांतील गाण्यांची परस्पर देवाणघेवाण घडवून आणली. प्रताधिकाराच्या खटल्यांमुळे ती सेवा २००१ मध्ये बंद पडली. ॲपलने एप्रिल २००३ मध्ये प्रत्येक गाणे ९९ सेंटला विकण्यास प्रारंभ केला. त्या गाण्यांवर घातलेले तांत्रिक कुलूप २००९ मध्ये काढण्यात आले.

भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग दर सेकंदास २५६ किलोबिट ठरविला. या वेगाने गाणे सरळ ऐकता येते, पण ४·५ गिगॅबाइटांचा चित्रपट उतरविण्यास सु. ३९ तास लागतात. भारत संचार निगमच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळात कितीही माहिती घेतली तरी वेगळा आकार पडत नसे. रात्री निजण्यापूर्वी संगणकास काम लावून ठेवावयाचे आणि सकाळी काय हाती लागले ते पाहावयाचे, हा त्या काळातील अनेक घरांचा परिपाठ होता. किमान वेगाची व्याख्या पुढे २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगॅबिट अशी बदलण्यात आली. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांची गरज तालुक्याच्या गावांतील मोबाइलची दुकाने भागवीत. दुकानदार आपल्या संगणकातून ग्राहकाच्या मेमरी कार्डात गाणी व चित्रपट भरून देई. हा व्यवहार बहुतांशी बेकायदा होता. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीस अंकीय संगीताची ओळख इंटरनेटवरून नव्हे, तर या दुकानांतून झाली, हे नमूद केले पाहिजे. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाल्यावर माहितीचे दर झपाट्याने उतरले आणि पारडे स्ट्रीमिंगकडे झुकले.

अनुप्रयोगातील डाउनलोड : वरील दोन पद्धतींखेरीज एक तिसरा प्रकार आता सर्वत्र आढळतो. नाव डाउनलोडचे व स्वभाव स्ट्रीमिंगचा, असे त्याचे वर्णन करता येईल. वर्गणीवर चालणाऱ्या सेवांच्या अनुप्रयोगात (ॲपमध्ये) ‘डाउनलोड’ असे बटण असते. ते दाबल्यावर गाणे किंवा चित्रपट यंत्रात उतरतो आणि इंटरनेट नसतानाही चालतो. पण ही फाईल सांकेतिक रूपात बंदिस्त असून तिची किल्ली सेवेच्या सर्व्हरकडून मिळते. किल्लीस मुदत असते; वर्गणी संपली किंवा सेवेने ती सामग्री काढून घेतली की फाईल जागच्या जागी निरुपयोगी होते. यूट्यूबने डिसेंबर २०१४ मध्ये भारतात व्हिडिओ उतरवून ठेवण्याची जी सोय मोबाइल फोनवर दिली, तिची मुदत ४८ तासांची होती. ग्राहकाच्या दृष्टीने ही लांबविलेली स्ट्रीमिंग होय. बटणावरील शब्द पाहून गाणे आपले झाले असे तो समजतो, त्यात त्याची चूक नाही. शब्दच चुकीचा योजलेला आहे.

या प्रकारास कायद्यात काय म्हणावे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या प्रकरणात आला. विंक ही एअरटेलची संगीतसेवा. तिच्यावर गाणी ऐकण्याची, वर्गणी चालू असेपर्यंत उतरवून ठेवण्याची आणि वेगळी किंमत देऊन कायमची विकत घेण्याची, अशा तिन्ही सोयी होत्या. शुल्काबाबत टिप्सशी चाललेली बोलणी फिसकटल्यावर विंकने प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ३१-ड चा आधार घेतला. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमान्वये प्रसारण संस्थेस मालकाची संमती नसतानाही ठरवून दिलेले शुल्क भरून गाणी प्रसारित करता येतात. आपण प्रसारण संस्थाच आहोत, असे विंकचे म्हणणे होते. न्यायमूर्ती काथावाला यांनी २३ एप्रिल २०१९ रोजी अंतरिम निर्णय देताना ते अमान्य केले. कलम ३१-ड आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांसारख्या प्रसारणापुरते आहे, इंटरनेटवरील सेवांना ते लागू नाही, असे त्यांनी म्हटले. शासनाच्या संबंधित विभागाने २०१६ मध्ये काढलेल्या ज्ञापनात याच्या उलट अर्थ लावला होता. त्यास कायद्याचे बळ नाही, असेही न्यायालयाने ठरविले.

निर्णयाचा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. अधिनियमाच्या कलम १४ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे अधिकार वेगवेगळे सांगितले आहेत : त्याची प्रत करणे, प्रत विकणे वा व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे आणि ते जनतेपर्यंत पोहोचविणे. न्यायालयाच्या मते स्ट्रीमिंग हे जनतेपर्यंत पोहोचविण्यात मोडते. किंमत घेऊन दिलेले कायमचे डाउनलोड ही विक्री होय, तर वर्गणी असेपर्यंत टिकणारे डाउनलोड हे भाड्याने देणे होय. ग्राहक खाजगी उपयोगासाठीच गाणी उतरवितो, म्हणून हा उचित वापर ठरतो, हा बचावही टिकला नाही. कारण ग्राहकाचा उपयोग खाजगी असला, तरी सेवेचा व्यवहार व्यापारी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने हा निर्णय कायम केला. ‘भाडे’ हा न्यायालयाने वापरलेला शब्द अनुप्रयोगातील बटणापेक्षा किती तरी नेमका आहे. स्ट्रीमिंगच्या ओघात यंत्रात होणाऱ्या क्षणिक प्रतींचे काय, अशी शंका येणे साहजिक आहे. केवळ तांत्रिक प्रक्रियेचा भाग म्हणून होणारा क्षणिक किंवा आनुषंगिक साठा हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे कलम ५२ मध्ये स्पष्ट केले आहे.

भाड्याच्या वस्तूचे जे होते ते येथेही होते. एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद केली. अशा सेवेत उतरवून ठेवलेली गाणी तिच्या बाहेर वाजत नसल्याने सेवेबरोबर तीही संपतात. याच्याशी फ्लिपकार्टच्या फ्लाइट या दुकानाची तुलना करण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झालेले हे दुकान कुलूप नसलेली एमपी३ गाणी विकीत असे आणि ते जून २०१३ मध्ये, दीड वर्षाच्या आतच, बंद पडले. परंतु ज्यांनी विकत घेतलेल्या फायली वेळेवर उतरवून घेतल्या, त्यांच्याजवळ त्या दुकानामागेही राहिल्या. आज कोणत्याही संगणकावर त्या वाजू शकतात.

निवड : मोठ्या शहरात अखंड व वेगवान जोडणी असलेल्या घरी स्ट्रीमिंग सोयीची आहे, यात वाद नाही. साठविण्याची जागा लागत नाही, हजारो गाणी एकदम हाताशी येतात आणि थेट प्रक्षेपण तर अन्य मार्गाने शक्यच नसते. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या पारशिवनीसारख्या तालुक्यात मात्र हिशेब थोडा बदलतो. तालुक्याचा काही भाग पेंचच्या जंगलाने व टेकड्यांनी व्यापलेला आहे. रेडिओ तरंगांना टेकडीआड पोहोचणे कठीण जाते, आणि जंगलात विरळ वस्तीसाठी मनोरे उभारणे कंपन्यांना परवडत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे भारतनेट या नावाने चालू राहिली. तथापि ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर हीच अशा योजनांची खरी कसोटी असते. वीज गेली की घरचा राउटर बंद पडतो. जोडणी अशी तुटक असेल, तर डाउनलोडचा एक जुना गुण कामी येतो : अर्धवट उतरलेली फाईल जेथे थांबली तेथून पुढे घेता येते. १९९७ च्या सुमारास वेब-व्यवहाराच्या नियमांत ही तरतूद झाली. विद्यार्थ्यास एकच व्याख्यान दहा वेळा पाहावयाचे असेल, तर ते एकदा उतरवून घेण्यात वेळ व पैसा दोहोंची बचत होते. पाच मिनिटांचे गाणे पन्नास वेळा प्रवाहातून ऐकल्यास २४० मेगॅबाइट माहिती खर्ची पडते. उतरवून घेतल्यास ४·८. सेवांचे अनुप्रयोग वारंवार ऐकलेली गाणी गुपचूप साठवून हा खर्च कमी करतात, म्हणजे तेही अखेर डाउनलोडच करतात.

जतन : जुनी कला टिकते ती तिच्या प्रती अनेक ठिकाणी विखुरलेल्या असल्यामुळे. भारतातील पहिला बोलपट आलम आरा (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उलट ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरील कितीतरी मराठी नाट्यपदे आज ऐकावयास मिळतात, ती कंपन्यांच्या संग्रहांइतकीच खाजगी संग्राहकांच्या कपाटांमुळे. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात खडी गंमतीचे प्रयोग अजून होतात व हौशी मंडळी त्यांची चित्रीकरणे यूट्यूबवर ठेवतात. ती हजारो लोक पाहतात. परंतु मूळ चित्रीकरण फोनमधून पुसले गेले असेल आणि ते खातेही बंद झाले, तर पाहणाऱ्या हजारांपैकी एकाच्याही घरी प्रत नसते. ध्वनिमुद्रिकेच्या काळात असे सहसा घडत नसे. अशा चित्रीकरणांची मूळ फाईल शाहिराने वा मंडळाने स्वतःपाशी, आणि ती एकाच तबकडीवर न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवणे आवश्यक आहे, कारण संगणकाच्या तबकड्याही बिघडतात.

प्रत बाळगण्यास कायद्याची हरकत नसलेले क्षेत्र वाटते त्यापेक्षा मोठे आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरील हा अधिकार २०२० च्या अखेरीस संपला. मात्र गीताचे शब्द व चाल यांचा प्रताधिकार स्वतंत्र असून तो कवीच्या व संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. त्यामुळे ध्वनिमुद्रण मुक्त झाले, तरी त्यावरचे गाणे मुक्त झालेले असेलच असे नाही.